बॉयकॉट: एका आडनावाचं क्रियापद झालं त्याची गोष्ट

आजचा शब्द आहे 'बॉयकॉट'. मोबाइल उघडला की अमुक सिनेमा बॉयकॉट करा, तमुक ब्रँड बॉयकॉट करा, हे दिसतंच. मला बरीच वर्षं वाटायचं, हा 'बॉय' आणि 'कॉट' मिळून झालेला जोडशब्द असणार. पण हे चक्क एका माणसाचं आडनाव आहे.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, लॉर्डसाहेब १० टक्क्यांवर अडून बसले. बॉयकॉटने कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरमध्ये आयरिश नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला सगळ्यांनी वाळीत टाका. लोकांनी तेच अस्त्र बॉयकॉटवर चालवलं. नोकर निघून गेले, मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक-पोलीस आणावे लागले. डिसेंबरमध्ये बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी लिहून ठेवलंय की, 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून तिथले धर्मगुरू फादर ओमॅली यांनी 'बॉयकॉट करणं' सुचवलं. बघता बघता हे क्रियापद फ्रेंच, जर्मनमध्येही गेलं. ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला.

पण आपल्याकडे 'वाळीत टाकणं' त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याची दिशा नेमकी उलटी! आयर्लंडमध्ये कुळांनी कारभाऱ्याला एकटं पाडलं. इथे अख्खं गाव किंवा जातपंचायत एका कुटुंबाला एकटं पाडते. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ मध्येही सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

म्हणजे क्रियापद एकच, पण एकदा ते दुबळ्याचं हत्यार होतं आणि एकदा बलवानाचं. शाळेत शिकवायचे ना, क्रियापद सापडलं की कर्ता आणि कर्म शोधा? बॉयकॉटचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी मी आता तेवढंच बघतो: कोण, कोणाला?

भेटूया पुढच्या भागात!