गंजिफ्याच्या एका पानाची किंमत

जैनथच्या लक्ष्मीनारायण मंदिराचा विषय निघाला की मला निर्मल आठवते. 2016 पर्यंत तेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. तिथले नकाश कारागीर गंजिफा रंगवत, तसेच आपल्या शेजारच्या सावंतवाडीचे चितारी. दशावतारी संचात 10 रंग, प्रत्येकी 12 पाने, एकूण 120. खेळात राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान. पुढे निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. संग्राहक मात्र वेगळेच पाहतो. लाख तडकली आहे का? चित्र हाताचे का? संच पुरा आहे का? एक पान हरवले, तर 119 पानांवर डाव मांडता येत नाही. म्हणून सांगतो, घरच्या डब्यातले एखादे पानही सुटे विकू नका. मामुली दुर्रीवाचून मत्स्याचा राजाही अपुराच.