माफी कापण्यावर न्यायाधीशांची सही

कोराडीत तुरुंग नाही. इथला कैदी जातो तो नागपूरला, वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात. समजा, असाच एक बंदी संचित रजेवर घरी आला, आईच्या आजारपणात अडकला आणि दहा दिवस उशिरा हजर झाला. अधीक्षक त्याची ‘माफी कापतात’, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट कमी करतात. उशिराच्या दर दिवसाला पाच दिवस या हिशेबाने सुटका पन्नास दिवसांपर्यंत लांबू शकते. हे पन्नास दिवस कुठल्याही न्यायालयाने सुनावलेले नसतात. म्हणूनच या कागदावर सत्र न्यायाधीशांची सही लागते. ती काही पहिल्यापासून नव्हती.

१८९४ च्या तुरुंग कायद्यात चौकशी करणारा अधीक्षक आणि शिक्षा ठोठावणाराही तोच. कलम ४६ ची यादी आज वाचवत नाही: गोणपाटाचे कपडे, बेड्या, निकृष्ट जेवण, एकांत कोठडी, तीस फटके. निकृष्ट जेवण किंवा फटके द्यायचे तर तुरुंगाच्या डॉक्टरने आधी ‘हा सोसू शकेल’ असं लिहून द्यायचं. न्यायाधीशाचा त्यात संबंध नव्हता.

पहिली फट पाडली एका मराठी हस्तलिखिताने. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी मुंबईत भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं आणि छापण्यासाठी ते पत्नीकडे पाठवू द्या, अशी परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. स्थानबद्धतेच्या अटींत असा हक्क कुठे लिहिलाय, हा सरकारचा युक्तिवाद. उच्च न्यायालयाने तो मानला नाही आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नाही. अटी बंधनं सांगतात. ज्यावर बंधन नाही ते माणसाकडेच राहतं, असा निकालाचा रोख होता. तो शिक्षेचा खटला नव्हता, पण तुरुंगाच्या ‘नाही’ला कारण विचारता येतं हे त्यातून ठरलं. माझ्या मते अशा निकालांच्या कुळाचा मूळपुरुष तोच. वकील मंडळी मात्र बहुधा थेट दिल्लीपासून सुरुवात करतात.

दिल्लीचं प्रकरण १९७९ चं. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं. तक्रार स्वतःची नव्हती. दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने अमानुष छळल्याची होती. पत्रालाच याचिका मानलं गेलं. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने एकांत कोठडी, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणं, या सगळ्याला सत्र न्यायाधीशांचं परीक्षण आवश्यक केलं. तातडी असेल तर दोन दिवसांत कळवायचं.

आता माफी कापण्याच्या कागदावर सही मिळते, पण सही म्हणजे वाचन नव्हे. अधीक्षकांच्या टिपणाखाली नुसतं ‘मंजूर’ पडलं, तर कैद्याच्या वाट्याला दोन शिक्के आले, इतकंच. तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागतं. तिथे कैद्याच्या वकिलाने मांडायचं ते असं: खुलासा मागितला होता का, आईचे दवाखान्याचे कागद पाहिले का, आणि दिवसाला पूर्ण पाचच का कापले, दोन का नाही.