वाईनची पहिली बाटली कशी निवडावी

मे महिन्याच्या सुट्टीत गावी येणारी आपली मुले, सुना, जावई हल्ली सोबत वाईनची बाटली घेऊन येतात. कुणाला पाहुण्यांसाठी एखादी बाटली विकत आणायची असते. दुकानात मांडणीभर बाटल्या असतात, लेबलांवर न उच्चारता येणारी नावे असतात, आणि विचारायचा संकोच वाटतो. मग हाताला लागेल ती किंवा सर्वांत महाग ती बाटली घरी येते आणि एका घोटानंतर तशीच पडून राहते. सुर्ल्यातील आपल्या सभासद कुटुंबांसाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

कुणी प्यायला सुरुवात करावी असा यामागे हेतू नाही. आपल्यातील अनेक घरांत मद्य वर्ज्य आहे आणि ते तसेच राहण्यात काहीच गैर नाही. जे घेतात, त्यांनी समजून घ्यावे, एवढेच.

वाईन म्हणजे नेमके काय

डिचोली तालुक्यातील माणसाला हे समजावणे सोपे आहे. मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडे तुडवून रस काढतात. तो आंबवतात, मग भाटीवर चढवतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक मिळतो आणि पुढच्यातून फेणी. वाईनमध्ये फळ असते द्राक्षाचे, आणि काम आंबवण्यापाशी थांबते. भाटी नाही, वाफ नाही. म्हणून वाईनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण ११ ते १४.५ टक्के असते. हुर्राकात ते १५ टक्क्यांच्या आसपास आणि फेणीत ४२ टक्क्यांच्या वर जाते.

गोव्याची दमट हवा वाईनच्या द्राक्षांना मानवत नाही. पोर्तुगीज राजवटीत द्राक्षाची वाईन पोर्तुगालहून येत असे. गावकऱ्यांचे पेय माडाचे आणि काजूचेच राहिले. आज आपल्या दुकानांत दिसणाऱ्या देशी वाईनपैकी बरीचशी महाराष्ट्रातून येते. पुणे जिल्ह्यातील नारायणगावी १९८०च्या दशकात शातो इंदाजने सुरुवात केली. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाईन २०००मध्ये बाजारात आली आणि २००१मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीचे मळे आहेत, तर कर्नाटकात बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हरचे.

चार चवी, चारही ओळखीच्या

वाईनवरच्या पुस्तकांत चवींची लांबलचक वर्णने असतात. सुरुवातीला ती बाजूला ठेवावीत. जिभेला चारच गोष्टी विचाराव्यात.

आंबटपणा. लिंबाचा थेंब किंवा सोलाचे पाणी जिभेवर पडले की तोंडाला पाणी सुटते. तसे जितके सुटेल तितकी ती वाईन आंबट. हा दोष नव्हे. आंबटपणाशिवाय वाईन बेचव लागते.

तुरटपणा. पिकलेले काजूचे बोंड चावले की जीभ खरबरीत होते, घशाला कस लागतो. तो टॅनिनचा गुण. लाल वाईन द्राक्षाच्या सालीसह आंबवतात, म्हणून सालीतले टॅनिन तिच्यात उतरते. पांढऱ्या वाईनमध्ये साल आधीच बाजूला काढतात, म्हणून ती सहसा तुरट नसते. रोझे वाईनमध्ये साल थोडाच वेळ ठेवतात. त्यामुळे रंग गुलाबी आणि तुरटपणा अगदी कमी.

गोडी. द्राक्षातली सगळी साखर आंबून गेली तर वाईन ‘ड्राय’, म्हणजे गोड नसलेली. एका लिटरमध्ये ४ ग्रॅमपर्यंत साखर उरली तर साधारणपणे ड्राय म्हणतात; ४५ ग्रॅमच्या वर गेली की गोड. मधल्या पायऱ्या ‘मीडियम ड्राय’ आणि ‘सेमी स्वीट’.

जोर. घोट गिळल्यावर घशात आणि छातीत जी ऊब जाणवते ती मद्यार्काची. गोडी जास्त असेल तर हा जोर लपतो. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

आमची सूचना अशी की बाटली आणण्याआधी स्वयंपाकघरातच सराव करावा. एका पेल्यात लिंबूपाणी, दुसऱ्यात साखरेचे पाणी, तिसऱ्यात बराच वेळ उकळलेला बिनसाखरेचा कोरा चहा घ्यावा. तिन्ही पाळीपाळीने चाखून कोणती चव तोंडात कुठे आणि किती वेळ राहते ते पाहावे. कोऱ्या चहाचा तुरटपणा आणि लाल वाईनचा तुरटपणा एकाच जातीचे आहेत. हा सराव न पिणाऱ्यांनाही करता येतो.

सुरुवात कोणत्या द्राक्षापासून करावी

शेनिन ब्लां (पांढरी): फळांचा वास, बहुधा किंचित गोडसर. पहिल्या बाटलीसाठी सर्वांत सोपी.

सॉव्हिन्यॉन ब्लां (पांढरी): तरतरीत आंबट, हिरव्या पानांचा किंवा कच्च्या फळाचा वास. लिंबू आवडणाऱ्यांना आवडते.

रोझे: लाल आणि पांढरीच्या मधली. थंड करून घेतल्यास आपल्या हवेला मानवते.

शिराझ (लाल): काळ्या फळांचा आणि मिऱ्यासारखा वास. लाल वाईन घ्यायची तर इथून सुरुवात करावी.

कॅबर्ने सॉव्हिन्यॉन (लाल): तुरटपणा जास्त. पहिल्याच दिवशी ही घेतली की ‘वाईन आपल्याला जमत नाही’ असे अनेकांचे मत होते. सवय झाल्यावर घ्यावी.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर

वर्ष पाहावे. लेबलवरचे वर्ष म्हणजे द्राक्षतोडणीचे वर्ष. आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. ‘वाईन जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज थोड्याच वाईनना लागू पडतो. मधल्या दराची देशी पांढरी आणि रोझे वाईन ताजीच चांगली. वर्ष-दोन वर्षांतली घ्यावी. लाल आणखी काही वर्षे टिकते.

बाटली कुठे ठेवली होती ते पाहावे. उन्हात किंवा गरम पत्र्याखाली राहिलेली वाईन बिघडते. बूच वर आलेले असेल, गळ्याशी चिकट ओघळ असेल, तर ती बाटली नको. मांडणीतल्या उजेडातल्या बाटलीऐवजी आतली मागावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही काळजी दराहून महत्त्वाची ठरते.

फिरकीचे झाकण दिसले म्हणून हलकी वाईन समजू नये. अनेक चांगल्या देशी वाईनना असेच झाकण असते, आणि घरी बूच काढायचे साधन नसेल तर तेच सोयीचे.

मद्यार्काची टक्केवारी वाचावी. सुरुवातीला १२-१३ टक्क्यांच्या आत राहावे.

दराच्या बाबतीत मधला मार्ग धरावा. सर्वांत महाग बाटली नवख्या जिभेला दुप्पट आनंद देत नाही. ३७५ मि.ली.ची अर्धी बाटली मिळाली तर अजमावून पाहायला तीच बरी. विक्रेत्याला सरळ सांगावे: ‘गोडसर नको, तुरट नको, माशांबरोबर चालेल अशी द्या.’ नाव उच्चारता येत नसले तरी चव सांगता येते.

आपल्या जेवणासोबत

वाईनची पुस्तके बहुधा परदेशी जेवण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्या ताटात नारळ, मिरची, आंबट आणि त्रिफळ असते. एक नियम उपयोगी पडतो: तिखट जेवणासोबत जास्त मद्यार्काची आणि तुरट वाईन घेतली की मिरची अधिक झोंबते, थंड आणि किंचित गोडसर वाईन ती आटोक्यात ठेवते.

त्यामुळे हुमणासोबत किंवा तिखट सुंगटांसोबत शेनिन ब्लां किंवा रोझे बरी. तळलेल्या इसवणावर किंवा बांगड्यावर आपण लिंबू पिळतो. तेच काम सॉव्हिन्यॉन ब्लां करते. कोंबडीच्या शागोतीसोबत शिराझ चालते, पण मसाला बेताचा हवा. खतखते, तोंडाक अशा शाकाहारी जेवणासोबत रोझे जुळते. गोड पदार्थासोबत ड्राय वाईन कडू-आंबट लागते; पायसासोबत वाईन नसलेलीच बरी. सोलकढी आणि वाईन एकत्र घेऊ नये, दोन्ही आंबट एकमेकांची चव मारतात.

घरी आणल्यावर

‘लाल वाईन घरातल्या तापमानावर घ्यावी’ हा नियम थंड देशांतला आहे. आपल्या घरात उन्हाळ्यात ३० अंशांच्या वर तापमान असते, आणि त्या तापमानाला लाल वाईनमधला मद्यार्क नाकात चढतो. लाल बाटली काही वेळ फ्रीजमध्ये ठेवावी. १६ ते १८ अंश सेल्सिअस पुरे. पांढरी आणि रोझे दोन-तीन तास ठेवून ८ ते १० अंशांवर घ्यावी. खास ग्लास नसले तरी अडत नाही; आत निमुळता होणारा काचेचा पेला घ्यावा आणि एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वास आत राहतो.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवावी. दोन-तीन दिवस चालते, नंतर आंबट होत जाते. संपवायची म्हणून पिऊ नये. स्वयंपाकात वापरावी किंवा ओतून द्यावी.

चार-सहा जणांनी मिळून दोन-तीन वेगळ्या बाटल्या आणाव्यात, प्रत्येकाने एकेक घोट चाखून आंबट, तुरट, गोड, जोर या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. तीन-चार वेळा असे केले की आपली आवड आपल्याला कळते. तीच पुढच्या खरेदीला उपयोगी पडते.

पोर्ट वाईन हे औषध नव्हे

आता मघाशी सांगितलेल्या गोडीकडे वळू. गोव्यात अनेक घरांत ‘पोर्ट वाईन रक्त वाढवते’ असा समज आहे. अशक्त माणसाला, क्वचित बाळंतिणीलाही ती चमच्याने किंवा छोट्या पेल्याने दिली जाते. ती गोड असते, लाल असते, म्हणून औषधी वाटते.

खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यात होते. आंबवणे अर्ध्यावर असताना तिच्यात द्राक्षाचा अर्क घालतात. त्यामुळे साखर उरते आणि मद्यार्क १९-२० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे त्या नावाने मिळणारी वाईन ही वेगळी, गोड केलेली वाईन असते. दोन्हींत मद्यार्क आहेच, आणि गोडीमुळे तो जाणवत नाही. लाल रंग द्राक्षाच्या सालीचा, लोहाचा नव्हे. रक्त कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी दिलेले लोहाचे औषध घ्यावे. गरोदर स्त्रीने मद्य घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईने घेतलेले मद्य दुधात उतरते. आपल्या आज्यांनी ही पद्धत मायेपोटी चालवली, त्यांना दोष नाही. पण पुढच्या बाळंतपणात ती बाटली कपाटातच राहू द्यावी, ही सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे.

लाल वाईन हृदयाला चांगली, हेही वारंवार ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याचे कोणतेच प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. वाईन चवीसाठी घ्यावी, तब्येतीसाठी नव्हे.

प्रमाण, गाडी आणि सीमा

७५० मि.ली.च्या बाटलीत १५० मि.ली.चे पाच ग्लास होतात. १२ टक्क्यांच्या अशा एका ग्लासात १८ मि.ली. शुद्ध मद्यार्क असतो. ४५ मि.ली. फेणीतही जवळपास तेवढाच. म्हणून ‘वाईनच तर आहे’ म्हणत तीन ग्लास घेणे म्हणजे हलके पिणे नव्हे. उपाशीपोटी घेऊ नये, मधे पाणी प्यावे.

वाहन चालवणाऱ्याने एकही ग्लास घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. गोव्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकता येत नाही. घरच्या मेजावरही तेच वय पाळावे.

बांदा, सावंतवाडी, बेळगावच्या नातेवाइकांसाठी बाटली नेण्याचा मोह अनेकांना होतो. पत्रादेवी, दोडामार्ग किंवा चोर्ला घाटातून परवान्याशिवाय मद्य पलीकडे नेले तर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि गाडीही जप्त होऊ शकते. त्यापेक्षा पाहुण्यांनाच गावी बोलवावे.

आणि कुणी ‘नको’ म्हटले तर दुसऱ्यांदा आग्रह करू नये. त्यांच्यासाठी मेजावर कोकम सरबत ठेवावे, तेही तितक्याच चांगल्या पेल्यात.