पळीभर तेलाची नोंद

देवस्थानास कोणी काय दिले हे लिहून ठेवण्याची चाल खानदेशात फार जुनी आहे. भडगावच्या शेजारीच, चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे देवीच्या मंदिरातला शिलालेख प्रसिद्ध आहे. थोर ज्योतिर्विद भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला. शके 1128 मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणास, निकुंभ वंशातील सोइदेव राजाने त्यास दान दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण गावाने काय दिले ते त्या काळच्या मराठीत कोरले आहे. बाजारातल्या मालावरची पट्टी, गिऱ्हाइकाकडून दामाचा विसोवा, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल! तेल्याचे पळीभर तेल राजाच्या दानाशेजारी कोरले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. मठ गेला, नोंद राहिली.

कागदाचे नशीब एवढे बळकट नसते. 1818 साली खानदेशात इंग्रजी अंमल आला. पुढे 1852 च्या कायद्याने इनामांची चौकशी झाली, तेव्हा सनद नसलेल्यांची मोठी अडचण झाली. दुमाला जमिनींची नोंद आजही गाव नमुना 3 मध्ये असते. तिच्या मागचे जुने कागद मात्र मोडीत, आणि मोडी वाचणारा आता शोधावा लागतो. इतिहासाचार्य राजवाडे असेच कागद गावोगाव हिंडून गोळा करीत. 1926 साली ते धुळ्यास वारले. 1927 साली तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले व दप्तरे सुरक्षित राहिली.

जीर्णोद्धाराच्या धामधुमीत माळ्यावरचे रुमाल पहिल्यांदा कचऱ्यात जातात. वाळवी लागण्यापूर्वी ते सोडून पाहावेत. एखाद्याच्या पणजोबाचे तेल त्यात निघेल.