पागडी आणि अनामत

‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’वरून मराठीत आला. विश्वासाने सोपविलेली, मागताच परत करावयाची ठेव हा त्याचा मूळ अर्थ. ‘इमान’ हा शब्दही त्याच धातूतला. मुंबईच्या भाड्याच्या घरांचा इतिहास या अर्थाच्या झिजण्याचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

१९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने असलेल्या घरांचे त्या दिवशीचे भाडे प्रमाण मानले. भाडे गोठले, शहर मात्र वाढत राहिले. भाड्यातून न मिळणारे मोल घरमालक पागडीच्या रूपाने घेऊ लागले. कायद्याच्या कलम १८ने ते गुन्हा ठरविले. परिणाम एवढाच की पैसे घेतले जात राहिले, पावती मात्र नाहीशी झाली. जी रक्कम कागदावर नाही ती परत कशी मागणार?

१ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ने राहणाऱ्यांना दुरुस्ती कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. हेतू संरक्षणाचा होता. पण त्यातून मालकांच्या मनात जी धास्ती बसली, तिनेच अकरा महिन्यांचे करार आणि भरभक्कम डिपॉझिट यांना बळ दिले.

३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने कलम ५६अन्वये अशी रक्कम घेणे वैध केले आणि कलम ५५ने करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले. कागद आला, समतोल आला काय? मुदत संपूनही जो जागा सोडत नाही त्याच्याकडून कलम २४नुसार दुप्पट शुल्क वसूल होते, आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची जवळची वाट आहे. डिपॉझिट अडवून धरणाऱ्या मालकासाठी मात्र अशी दुपटीची तरतूद नाही. नोटीस, मग दावा, तोही तीन वर्षांच्या मुदतीत, हीच भाडेकरूची वाट. अधिक बोलकी गोष्ट अशी की, मुद्रांक शुल्क आकारताना शासन परताव्याच्या ठेवीवर दरसाल दहा टक्के व्याज गृहीत धरते. म्हणजे ठेवीला फळ लागते हे शासनाला ठाऊक आहे. ज्याची ठेव, त्याच्या वाट्याला ते येत नाही इतकेच.

केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्याने निवासी घरांसाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याएवढी सुचविली, शिवाय ताबा घेतेवेळीच ती परत करावी असेही म्हटले. पण राज्याने स्वीकारल्यावाचून असा आदर्श लागू होत नाही. तोवर ‘एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने ठेव’ ही अट करारातच लिहून घेणे आणि रक्कम बँकेमार्फतच देणे, हे भाडेकरूच्या हाती उरते. जेथे इमानाचा भरवसा नाही, तेथे अनामत शब्दाचा अर्थ कागदानेच राखावा लागतो.