श्रोत्यानें पुढें नेलेली गोष्ट

श्रोतेहो, सांगणारानें सांगावें आणि ऐकणारानें ऐकावें, ही आपली फार जुनी रीत. परंतु ऐकणारानें मध्येंच आज्ञा करावी आणि गोष्टीनें ती मानावी, हा प्रकार संगणकानें शक्य केला. त्याच्या आरंभींच्या एका गोष्टीचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

अमेरिकेंतील केंटकी राज्यांत मॅमथ नांवाची अफाट गुहा आहे. फ्लिंट रिजच्या गुहांशीं तिचा सांधा आहे, हें १९७२ च्या सप्टेंबरांत सिद्ध झालें. त्या शोधांत पॅट्रिशिया क्राउथर ह्या बाईंचा मोठा वाटा होता. एका अतिअरुंद भेगेंतून अंग चोरून पलीकडे गेल्या त्या त्याच. त्यांचे पति विल्यम क्राउथर हेहि गुहाशोधक. पेशा मात्र संगणकाचा. आजच्या इंटरनेटचें पूर्वरूप जें आर्पानेट, त्याच्या उभारणींत ते होते. गुहेचीं मोजमापें संगणकांत घालून उभयतां नकाशे तयार करीत. पुढें घटस्फोट झाला. मुली दुरावत आहेत असें वाटून बापानें १९७५-७६ च्या सुमारास त्यांच्याकरितां एक खेळ रचला आणि तीच गुहा शब्दांत उतरविली. दुसरा एखादा बाप बाहुली घेऊन गेला असता!

ह्या खेळांत चित्र एकहि नाहीं. स्थळाचें वर्णन उमटतें आणि यंत्र थांबतें. वाचणारानें 'दिवा घे' अशी फार तर दोन शब्दांची आज्ञा टंकलिखित करावी, म्हणजे गोष्ट पुढें सरकते. सारे मार्ग कर्त्यानेंच आंखलेले. यंत्राला क्रियापदेंहि मोजकींच कळतात. तरीहि दिवा विझून खड्ड्यांत पडला, तर वाचणारा 'नायक पडला' असें म्हणत नाहीं, 'मी पडलों' म्हणतो. माझ्या मतें ह्या कलेचें सारें बळ त्या एका 'मी'मध्यें आहे. कादंबरी वाचतांना कोणी कागद-पेन्सिल घेऊन नकाशा काढीत नाहीं; हा खेळ खेळणारे काढीत.

स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉन वुड्स ह्या तरुणाच्या हातीं तो लागला. कर्त्याचा पत्ता ठाऊक नव्हता. तेव्हां जाळ्यांतील झाडून साऱ्या संगणकांवर त्यानें 'क्राउथर' ह्या नांवें पत्रें धाडिलीं! अनुमति मिळाली, आणि नवे चमत्कार घातलेली त्याची आवृत्ति १९७७ मध्यें सर्वत्र पसरली.

क्राउथर ह्यांची मूळ संहिता बहुतेकांना नष्ट झाली असें वाटत होतें. डेनिस जर्झ ह्या अध्यापकानें वुड्स ह्यांच्या विद्यार्थिदशेंतील जुन्या साठ्यांतून ती मिळवून २००७ मध्यें अभ्यासासह पुढें मांडली. तत्पूर्वीं २००५ मध्यें तो स्वतः गुहेंत उतरला होता. खेळांतील वाटा आणि बेडक्विल्ट भागांतील खऱ्या वाटा त्यास पुष्कळ ठिकाणीं जुळलेल्या आढळल्या.