नियमित पदावली

नियमित पदावली : मजकुरातील अक्षरक्रमांचा नमुना मोजक्या चिन्हांत मांडण्याची संगणकशास्त्रातील लेखनपद्धती. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन असेही म्हणतात. शोधावयाचा शब्द नेमका ठाऊक नसून केवळ त्याची ठेवण ठाऊक असते, तेव्हा ती उपयोगी पडते. उदा., ‘पुणे|पुण्या’ या पदावलीतील उभी रेघ विकल्प दर्शविते. त्यामुळे ‘पुणे’ या मूळ रूपाबरोबरच ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ यांतील सामान्यरूपही एकाच शोधात सापडते.

उगम : या पद्धतीचे मूळ मज्जासंस्थेच्या गणिती अभ्यासात आहे. वॉरन मॅक्कलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याची तार्किक प्रतिकृती मांडली. अशा जाळ्याला कोणते घटनाक्रम ओळखता येतील, याचा विचार अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीव्हन कोल क्लेनी (१९०९–९४) यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशन या संस्थेसाठी केला. तो निबंध १९५६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विकल्प, अनुक्रम व पुनरावृत्ती या तीन क्रियांनी हे सर्व क्रम वर्णन करता येतात, असे त्यांनी सिद्ध केले. पुनरावृत्तीचे तारकाचिन्ह आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

केन टॉम्सन यांनी १९६८ मध्ये या सिद्धांताला शोधयंत्राचे रूप दिले. त्यांची रीत सर्व शक्य वाटांचा मागोवा एकाच वेळी घेते. म्हणून एखाद्या पदावलीसाठी लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. पुढे युनिक्स प्रणालीतील ‘ग्रेप’ या आज्ञेमुळे (१९७३) पदावल्यांचा वापर रूढ झाला. कालांतराने पूर्वी जुळलेला तुकडाच पुन्हा यावा, असे सांगण्याची सोय त्यांत आली. ही सोय क्लेनी यांच्या तीन क्रियांत बसत नाही. तिच्यासाठी एक वाट चोखाळून पाहणे व ती चुकल्यास मागे येऊन दुसरी धरणे, ही माघारीची रीत प्रचारात आली. लॅरी वॉल यांच्या पर्ल या भाषेने (१९८७) अशा विस्तारित पदावल्या लोकप्रिय केल्या.

जावास्क्रिप्टमधील पद्धती : ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ मध्ये निर्माण केलेल्या या भाषेत आरंभी पदावल्या नव्हत्या. त्या १९९७ मध्ये आल्या व डिसेंबर १९९९ च्या प्रमाणग्रंथात पर्लच्या धर्तीवर निश्चित झाल्या. जुळणीच्या काही पद्धती पदावलीच्या, तर काही मजकुराच्या मानल्या जातात. पदावलीची ‘टेस्ट’ ही पद्धत होय किंवा नाही एवढेच सांगते; ‘एक्झेक’ जुळलेला भाग, त्याचे उपभाग व स्थान देते. मजकुराची ‘मॅच’ ही पद्धत एरवी ‘एक्झेक’प्रमाणेच फल देते, परंतु सर्वत्र शोधाची खूण जोडल्यास केवळ जुळलेल्या तुकड्यांची यादी हाती येते, उपभाग व स्थाने गळतात. ही उणीव २०२० मध्ये ‘मॅचऑल’ने भरून काढली. त्याच खुणेमुळे पदावली मागील शोध कोठे थांबला हे लक्षात ठेवते. परिणामी, एकच जुळणी असलेल्या मजकुरावर ‘टेस्ट’ लागोपाठ दोनदा चालविल्यास प्रथम होकार व नंतर नकार मिळतो.

मर्यादा : माघारीच्या रीतीत काही पदावल्यांना लागणारा वेळ मजकुराच्या लांबीबरोबर अतोनात वाढतो. अशाच एका पदावलीमुळे जुलै २०१६ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीची सेवा सु. २७ मिनिटे खंडित झाली. या दोन्ही प्रसंगी जावास्क्रिप्टचा संबंध नव्हता. तथापि माघारीची रीत तिच्यातही असल्याने धोका तोच आहे. गूगल कंपनीने २०१० मध्ये खुल्या केलेल्या ‘आरई-२’ या संचात टॉम्सन यांच्या मार्गाचाच अवलंब केलेला आहे. मात्र त्यासाठी काही सोयींचा त्याग करावा लागला.

दुसरी मर्यादा लिपीची होय. जावास्क्रिप्टमधील ‘शब्दातील अक्षर’ या संकेतात रोमन अक्षरे, दहा अंक व अधोरेखा एवढीच चिन्हे येतात. त्यामुळे देवनागरी शब्दांच्या सीमा त्यावरून ओळखता येत नाहीत. लिपीनुसार वा वर्गानुसार चिन्हे निवडण्याची सोय २०१८ मध्ये झाली. तीही जाणून वापरावी लागते. कारण युनिकोड संकेतप्रणालीत काना, वेलांटी व हलन्तचिन्ह यांची गणना अक्षरांत होत नाही, खुणांत होते. केवळ अक्षरवर्ग मागितल्यास ‘किल्ला’ हा शब्द अखंड न मिळता ‘क’, ‘ल’, ‘ल’ असे तीन सुटे तुकडे मिळतात. मराठी मजकुरासाठी अक्षरवर्गाबरोबर खुणांचा वर्गही पदावलीत घालणे म्हणूनच आवश्यक ठरते.